‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

गेल्या महिन्यात या सदरात आयसीयूतून घरी परतलेल्या माणसांबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या आणि मी रक्तदाबाकडे वळले. रक्तदाबावर वर्षभरात आली नसतील एवढी पत्रं त्या चार ओळींवर आली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की बावीस वर्षं मी आयसीयूत डॉक्टर आहे. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं पेशंटची खाट आयसीयूच्या दारातून बाहेर गेली की माझं काम संपायचं. मग एकदा एक गृहस्थ घरी गेल्यावर तीन महिन्यांनी आभार मानायला आले. मी विचारलं, “कसं वाटतंय?” ते म्हणाले, “एकदम बरं आहे.” मी खूश. निघताना मात्र त्यांना खुर्चीतून उठता येईना. दोन्ही हात टेबलावर रेटून तिसऱ्या प्रयत्नाला उठले. मागे उभी असलेली बायको हळूच म्हणाली, “घरीही असंच चाललंय. शर्टाची बटणं मीच लावते.” त्या दिवसापासून मी ‘कसं वाटतंय’ विचारणं सोडलं. आता विचारते, “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?” पुढची बरीचशी उत्तरं याच प्रश्नातून आली आहेत.

प्रश्न : माझे यजमान बावन्न वर्षांचे. न्यूमोनिया होऊन एकोणीस दिवस आयसीयूत होते, त्यातले अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन सहा आठवडे झाले. छातीचा फोटो स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. पण एक जिना चढला की ते पायरीवरच बसतात. आंघोळ झाली की तासभर पडून राहतात. मुलगा म्हणतो, “बाबांना आरामाची सवय लागलीय.” खरंच तसं असेल का?

नाही. आणि मुलाला हे उत्तर वाचायला द्या.

फुप्फुसं सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असं आम्हा डॉक्टरांनाही बरीच वर्षं वाटायचं. टोरोंटोच्या डॉक्टरांनी फुप्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्षाअखेर बहुतेकांची फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत झाली होती. तरीही सहा मिनिटांत ते साधारण ४२२ मीटरच चालू शकत होते. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असतं त्याच्या दोन-तृतीयांश. जवळपास निम्मे लोक अजून कामावर परतले नव्हते. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते स्नायू झडल्याचं, अंगात ताकद नसल्याचं. पुढे पाच वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा चालवून पाहिलं, तेव्हा आकडा ४३६ वर पोचला होता, बस.

हे का होतं? गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. त्यात हालचाल बंद, वर जंतुसंसर्गाची सूज. लंडनमध्ये सोनोग्राफीने मांडीच्या पुढच्या स्नायूचं माप ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. दहाव्या दिवसापर्यंत तो सरासरी सतरा-अठरा टक्क्यांनी बारीक झाला होता. दहा दिवसांत! ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव बिघडले होते त्यांचं नुकसान त्याहून मोठं. शिवाय काहींच्या स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसाही दुखावलेल्या असतात, ते वेगळंच. तुमचे यजमान अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. पायरीवर बसणं हा आळस कसा म्हणायचा?

आता करायचं काय. हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांना उठायला-बसायला सांगा आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा जमलं ते वहीत लिहा. पहिल्या दिवशी दोनदा जमलं तर दोन लिहा. लाजायचं कारण नाही. दर आठवड्याला त्याच वारी तीच मोजणी. रोजचं चालणं घरातल्या घरात, दिवसातून तीन-चारदा, थोडं थोडं. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं. दुसरा नियम मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण एकदा तरी मोडतोच: आज जे केलं त्याने उद्याचा दिवस अंथरुणात गेला, तर आजचं जास्त झालं. अशा वेळी व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल द्या. उभं राहून आंघोळ करणं किती दमवतं हे आयसीयूतून आलेल्यालाच कळतं.

शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. खांदे पूर्ण वर जातात का, पाऊल घोट्यातून वर उचललं जातं का, की चालताना चवडा घासतो, हे त्यांनी तपासायला हवं. महिनाभर एकाच कुशीवर राहिल्याने गुडघ्याबाहेरची नस दबून पाऊल लोंबलेलं असतं आणि घरचे त्याला ‘अशक्तपणा’ म्हणत राहतात, हे मी अनेकदा पाहिलंय. आहारात प्रथिनं वाढवायची आहेत, पण किती, ते मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. वजनकाटा घरात असू द्या. आजारापूर्वीचं वजन आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घरी करायच्या व्यायामाच्या प्रत्येक चाचणीत मोठा फरक दिसला, असं मी म्हणणार नाही. काहींत दिसला, काहींत नाही. तरी खुर्चीतून उठायचा आकडा दोनवरून अकरावर गेलेला पाहिला की पेशंटचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. छातीत दुखणं, चक्कर, पोटरी एकाच बाजूची सुजणं किंवा दुखणं, दम अचानक वाढणं, पुन्हा ताप, यापैकी काही झालं तर मात्र वही बंद आणि थेट डॉक्टर.

प्रश्न : हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आयसीयूत असताना रात्रपाळीच्या सिस्टर मला बांधून एका बोटीत घालून विकायला नेत होत्या. पाणी माझ्या तोंडात शिरत होतं. माझा मुलगा काचेपलीकडे उभा राहून पैसे मोजत होता. मला कळतं की हे खरं नसणार. पण मला ते आठवतं, स्वप्नासारखं नाही, कालच घडल्यासारखं. चार महिने झाले. मुलाशी मी नीट बोलत नाही. मला वेड लागतंय का?

तुम्ही हे लिहिलंत, त्यातला अर्धा अवघड भाग तुम्ही आधीच पार केलाय.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. याला डिलिरियम म्हणतात. गंभीर आजार, ताप, रक्तातला बिघाड, झोपेची औषधं आणि दिवस-रात्र सारखेच उजळलेले दिवे, या सगळ्यात मेंदू काही काळ भरकटतो. व्हेंटिलेटरवरच्या बहुसंख्य पेशंटना तो कमी-अधिक होतो. मेंदूला त्या वेळी तुकडे मिळत असतात आणि तो त्यांची गोष्ट जुळवतो. तुमची बोट मी उलगडून पाहते, चुकले तर चुकले. हात बांधलेले होते, कारण अर्धवट शुद्धीतले पेशंट घशातली नळी ओढून काढतात. बोटीचं हलणं बहुधा हवेच्या गादीचं असेल; जखमा होऊ नयेत म्हणून ती आळीपाळीने फुगते आणि बसते. तोंडात शिरणारं पाणी म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना होणारी घुसमट. काचेपलीकडचा मुलगा खराच उभा होता. त्याला आत सोडत नव्हते. तो पैसे मोजत असेलही, कारण तेवढ्यात कोणीतरी त्याला औषधांची चिठ्ठी दिलेली असते.

असं सांगितल्यावर काही पेशंट रडतात, काही मोठ्याने हसतात. एका बाईंना स्कॅनचं यंत्र भट्टी वाटलं होतं. लघवीची नळी घालताना आपल्यावर अत्याचार झाला असं मनात घट्ट बसलेल्याही कोणी येतात, आणि ते ऐकताना मला खाली बघावंसं वाटतं. कारण कित्येक वर्षांपूर्वी अशाच एका पेशंटला मी म्हणाले होते, “वाईट स्वप्न होतं, विसरून जा.” ते पुन्हा तपासणीला आले नाहीत.

दोन गोष्टी करून बघा. पहिली, त्या दिवसांत खरोखर काय घडलं ते तारीखवार मांडा. बायकोला, मुलाला विचारा: कोणत्या दिवशी नळी घातली, कधी काढली, कोण भेटायला आलं, मी काय बोललो. स्कँडिनेव्हियातल्या आयसीयूंत सिस्टर आणि नातेवाईक मिळून पेशंटसाठी अशी डायरी लिहायला लागले, तिथून ती पद्धत पसरली. युरोपातल्या बारा आयसीयूंमधल्या एका चाचणीत डायरी मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना आघातोत्तर तणावाचा नवा त्रास झाला. नंतर फ्रान्समध्ये याहून मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ मध्ये आला. तिच्यात फरक दिसला नाही. म्हणून डायरीला मी औषध म्हणत नाही. पण हरवलेले दिवस परत मिळवायला दुसरं साधन माझ्याकडे नाही. तुमची डायरी तेव्हा कोणी लिहिली नसेल, तर आता लिहा.

दुसरी गोष्ट, त्याच आयसीयूत एकदा जाऊन या. आधी विचारून, दुपारच्या शांत वेळी, बरोबर कोणाला तरी घेऊन. बहुतेक ठिकाणच्या सिस्टरना त्याचा आनंदच होतो, कारण चालत परत आलेला पेशंट त्यांना क्वचित दिसतो. खाट बघा, गादी बघा, ती काच बघा. तिथे गेल्यावर हातपाय कापायला लागले तर जबरदस्ती नको, बाहेर या. तेवढंही चालेल.

चार महिने म्हणजे बराच काळ झाला. झोप मोडत असेल, मॉनिटरसारखा ‘बीप’ कुठे वाजला की दचकायला होत असेल, दवाखान्याचा रस्ता टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि ‘आयसीयूनंतरचा त्रास’ असंच सांगा. यावर उपचार आहेत. जगणं नको वाटत असेल तर पुढच्या अंकाची वाट पाहू नका, आजच घरच्यांना सांगा आणि आजच डॉक्टरांकडे जा.

आणि मुलाला तुमच्या तोंडून कळू द्या, की तो बोटीच्या गोष्टीत होता. तो अजूनही विचार करत असेल, आपलं काय चुकलं.

प्रश्न : घशातली नळी काढून पाच आठवडे झाले. वडिलांचा आवाज घोगरा आहे तो आहेच, पण आता श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. दम्याचा पंप दिलाय, त्याने फरक नाही.

हे उत्तर वाचून झाल्यावर मासिक बाजूला ठेवा आणि त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बसूनही धाप लागत असेल, तर ओपीडीत नाही, थेट तातडीच्या विभागात. नळी जिथे टेकलेली असते तिथे श्वासनलिकेला व्रण होतो, तो भरताना आकसतो आणि वाट अरुंद होते. हे नळी काढल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही दिसतं. तोवर सगळे नळी विसरलेले असतात, म्हणून याला हमखास दमा समजलं जातं. जाताना दारातच सांगा: “हे व्हेंटिलेटरवर होते.” या एका वाक्याने निदान बदलतं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. गिळण्याचे स्नायूही नळीने दुखावतात आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रश्न : दोन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागलेत, नखांवर आडव्या खाचा आल्यात. टक्कल पडेल का?

नाही. आजारात शरीराने केस आणि नखं वाढवण्याचं काम थांबवलं होतं, त्याची ही खूण. केस साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि सहाएक महिन्यांत परत येऊ लागतात. नखाची खाच हळूहळू पुढे सरकेल. ती कापून टाकाल तेव्हा आजाराला अंदाजे सहा महिने झालेले असतील. त्यानंतरही गळती थांबली नाही तर थायरॉईड आणि लोह तपासून घ्या. महागडी तेलं घेऊ नका.

प्रश्न : आई शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला म्हणून ती दोन आठवडे आयसीयूत होती. आता पाच महिन्यांनी सुट्टे पैसे मोजताना अडते, एकच गोष्ट तीनदा विचारते, गॅस चालू राहतो. स्मृतिभ्रंश सुरू झालाय का? भाऊ म्हणतो, तिच्या हातून सगळे व्यवहार काढून घेऊ.

भावाला म्हणावं, थांब.

आयसीयूचा मेंदूवर काय परिणाम होतो हे आम्ही फार उशिरा मोजायला लागलो. अमेरिकेत ८२१ पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात (तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला) तीन महिन्यांनी ४० टक्के लोकांची आकलनशक्ती डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली आलेली आढळली. वर्षाने हे प्रमाण ३४ टक्के होतं. आणि यात फक्त म्हातारी माणसं नव्हती. आजारापूर्वी बुद्धीचा त्रास असणारे तर फारच थोडे होते. डिलिरियम जितके जास्त दिवस टिकला तितका नंतरचा त्रास जास्त. म्हणून आईला आयसीयूत भ्रम झाला होता का, आणि किती दिवस, हे आठवून लिहून ठेवा. डिस्चार्ज कार्डावर ते बहुधा नसेल.

नेहमीच्या स्मृतिभ्रंशात आणि यात एक फरक घरीच लक्षात येतो. हा एका ठळक तारखेला सुरू होतो आणि मग सपाट राहतो किंवा हळूहळू सुधारतो. तोही हळू, कधी वर्षभर. महिन्यागणिक घसरण होत असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. दोन्ही बाबतींत आधी दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी तपासायच्या: थायरॉईड, बी-१२, ऐकू नीट येतं का, झोप, नैराश्य आणि आयसीयूत सुरू झालेली एखादी गुंगीची गोळी. मग स्मृतीची लेखी चाचणी करून घ्या. त्या चाचणीचा आकडा जपून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच्याशीच तुलना करायची आहे.

गॅसचा धोका खरा आहे. तिथे आपोआप बंद होणारी सोय करा किंवा कोणीतरी सोबत राहा. मोठ्या रकमा, सह्या, घर-जमिनीचे निर्णय वर्षभर पुढे ढकला. पण सुट्टे पैसे तिलाच मोजू द्या. चुकले तर चुकले. घाई करू नका आणि दुसऱ्या खोलीतून दूरदर्शन चालू ठेवून तिच्याशी बोलू नका. एका वेळी एकच काम, दिवसाची यादी कागदावर, आणि अवघड काम सकाळी. उलटतपासणी घेऊ नका. “मी कोण, सांग बरं?” असं गणिताच्या शिक्षिकेला विचारलेलं मी ऐकलंय. त्यांनी फार रागाने बरोबर उत्तर दिलं होतं.

प्रश्न : डिस्चार्ज कार्डावर चौदा औषधं आहेत. कुठली कधीपर्यंत, हे कोणीच सांगत नाही.

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि दोष आमचा आहे. आयसीयूत काही औषधं त्या दिवसांपुरती सुरू होतात: ताणामुळे पोटात व्रण होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल, भ्रमासाठी क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल, हृदयाचे ठोके बिघडले म्हणून अमिओडॅरॉन, झोपेची गोळी. पेशंट वॉर्डात जातो, वॉर्डातून घरी जातो, आणि प्रत्येक जण आधीच्याचं कार्ड उतरवून काढतो.

उलटंही घडतं, आणि ते जास्त लपून राहतं. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी आयसीयूत थांबते आणि परत सुरूच होत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत जवळपास चार लाख ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवण्याची, थायरॉईडची औषधं रुग्णालयातून गेल्यावर अशी सुटून जाताना दिसली, आणि आयसीयूत राहिलेल्यांची जास्त सुटली.

म्हणून दोन कागद करा. एकावर आजारापूर्वीची औषधं, दुसऱ्यावर आत्ताची. दोन्ही डॉक्टरांपुढे शेजारी शेजारी ठेवा आणि नवीन दिसणाऱ्या प्रत्येक औषधापुढे दोन शब्द मागा: कशासाठी, कधीपर्यंत. मनाने काही बंद करू नका. स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी, ठोक्यांची आणि झोपेची औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात आयसीयूनंतरची वेगळी ओपीडी नाही. फुप्फुसाचे डॉक्टर फुप्फुस बघतात, मूत्रपिंडाचे मूत्रपिंड. पूर्ण माणूस कोणाला दाखवायचा?

तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्याकडच्या आयसीयूनंतरच्या ओपीडीच्या दारावर लावणार आहे.

आयसीयू या कल्पनेची सुरुवात कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत झाली. श्वास बंद पडलेल्या मुलांच्या गळ्यात नळी बसवून वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने हाताने फुगा दाबत बसायचे. त्यानंतर अनेक दशकं यशाचं माप एकच होतं, किती जण जिवंत बाहेर पडले. बाहेर पडल्यावरच्या या सगळ्या त्रासाला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ हे एकत्र नाव मिळालं ते २०१० च्या एका बैठकीत, आणि छापून आलं २०१२ मध्ये. इंग्लंडमध्ये रेडिंगच्या रुग्णालयात आयसीयूनंतरचं क्लिनिक १९९३ पासून चालतं. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये आयसीयूतून बाहेर पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी पेशंटला पुन्हा बोलावून तपासा, असं लिहूनच दिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी तीन रुग्णालयांतल्या एका चाचणीत, परिचारिकांनी चालवलेल्या अशा क्लिनिकने वर्षभरानंतरच्या जीवनमानात फरक पडलेला दिसला नाही. मी तो शोधनिबंध वाचून दोन दिवस खट्टू होते. नंतर आमच्या वहीत पाहिलं: अरुंद झालेली श्वासनलिका, सुटलेली थायरॉईडची गोळी, कोणालाच न सांगितलेल्या बोटी. ओपीडी चालू ठेवली.

तुमच्याकडे ती नाही, तर एक डॉक्टर निवडा. फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, जो ऐकून घेतो असा. त्यांची लांब वेळ मागून घ्या आणि जाताना हे न्या: डिस्चार्जचा पूर्ण सारांश, व्हेंटिलेटरवरचे दिवस, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती का, मूत्रपिंडं बिघडली होती का, वर सांगितलेले औषधांचे दोन कागद, वजन, आणि काल दिवसभरात काय काय केलं ते अर्ध्या पानात. पहिली भेट घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत, दुसरी तीन महिन्यांच्या आसपास. मूत्रपिंडांना त्रास झाला असेल तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासल्याशिवाय ‘बरी झाली’ म्हणू नका. लसींचंही विचारा, फ्लूची आणि न्यूमोनियाची. कामावर परतायचं असेल तर पहिले काही आठवडे अर्धवेळाची चिठ्ठी मागा. गाडी कधी चालवायची हेही विचारा, ते कोणी आपणहून सांगत नाही. आणि पती-पत्नीतल्या जवळिकीबद्दलही, ते तर मुळीच नाही.

प्रश्न : ते आता चांगले आहेत. मीच नाही. रात्री तीन-चारदा उठून त्यांच्या बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावते. फ्रिजचा आवाज बदलला तरी मला अलार्म वाटतो. कोणाला सांगितलं की म्हणतात, “देवाने नवरा परत दिला, आता काय रडायचं?” जिन्यात मी कोपर धरते म्हणून ते चिडतात.

घरच्यांना होणाऱ्या या त्रासालाही त्याच ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ या नावाखाली जागा आहे, आणि तो फार मोठा आहे. आठवडाभर किंवा जास्त व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांची काळजी घेणाऱ्या २८० जणांना कॅनडात वर्षभर विचारत राहिले. सुरुवातीला ६७ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं होती. वर्षानंतरही ४३ टक्क्यांत. पेशंट किती गंभीर होता, याच्याशी त्याचा धड संबंध लागत नव्हता. म्हणजे ‘ते चांगले आहेत’ म्हणून तुम्ही चांगलं असायला हवं, असा हिशोब नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप मोडत असेल, कशात मन लागत नसेल, तर तुमच्या स्वतःच्या नावाने केस पेपर काढा. त्यांच्या तपासणीच्या शेवटी उभ्या उभ्या विचारू नका.

त्यांच्या डॉक्टरांना विचारा, रात्री ऑक्सिजन तपासायची खरंच गरज आहे का. नसेल, तर ते यंत्र रात्री दुसऱ्या खोलीत, कपाटात ठेवा. पहिल्या चार-पाच रात्री अवघड जातील. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या कोणाला तरी घरी बसवून बाहेर जा, कामासाठी नाही.

आणि जिन्यात कोपर सोडा. ते चढताना तुम्ही एक पायरी मागे राहा, उतरताना एक पायरी पुढे. त्यांचा एक हात कठड्यावर असू द्या, तुमचे दोन्ही मोकळे. मागे वळून बघितलंत तरी चालेल, पण बोलू नका. चढताना त्यांना उत्तर द्यायला दम पुरत नाही.